अर्धवट राहिलेले खोपे: सुगरणीविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळी अंकानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांत सुगरणीविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. गोव्यात भातशेतीच्या कडेला माड, आणि माडाच्या झावळांना लोंबणारे खोपे, हे दृश्य अजून टिकून आहे आणि वाचक ते लक्ष देऊन पाहत आहेत, याचा मनापासून आनंद वाटला. त्यांतले पाच प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न: आमचे घर दिवाडी बेटावर खाजन शेताला लागून आहे. बांधावरच्या माडांवर दर पावसाळ्यात सुगरणी खोपे बांधतात. यंदा निम्म्याहून अधिक खोपे अर्धवटच राहिलेले दिसतात. खाली दोन तोंडे असलेली नुसती टोपी लोंबते आहे, पुढे काहीच नाही. कावळ्यांच्या त्रासामुळे पक्षी ते सोडून गेले असतील का? शिवाय खोपा मादी बांधते असेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण येथे काम करताना दिसतो तो पिवळ्या डोक्याचा पक्षी. तो कोण?

उत्तर: तो नर आहे, आणि तो नर आहे हे एकदा ध्यानात आले की अर्धवट खोप्यांचे कोडेही उलगडते. एरवी सुगरणीचे नर आणि मादी दोघेही घरचिमणीच्या मादीसारखे मातकट दिसतात, त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पाऊस सुरू होण्याच्या सुमारास नराच्या माथ्यावर आणि छातीवर गडद पिवळा रंग चढतो, चेहरा काळपट तपकिरी होतो आणि चोच काळसर होते. खोप्याचा सारा बाहेरचा सांगाडा हा पिवळा नर एकटा विणतो. मादी येते ती बांधायला नव्हे, तर पारखायला.

खोपा एका दमात पुरा होत नाही. आधी झावळीच्या पातींची टोके किंवा काटेरी फांदीचे टोक पट्ट्यांनी आवळून एक घट्ट लोंबता देठ तयार होतो. त्यातून एक कडे उतरते, आणि कड्याच्या एका बाजूने भिंत वाढत वाढत उलट्या टोपीसारखा आकार येतो. या टोपीच्या मधोमध खालून एक आडवी पट्टी असते, म्हणूनच आपल्याला दोन तोंडे दिसतात. येथवर यायला नराला साधारण आठ दिवस लागतात आणि येथेच तो थांबतो. पुढे जायचे की नाही, हे आता मादीच्या हाती असते.

मादी वसाहतीत शिरली की काय घडते, ते आपल्या अंगणातून सहज दिसेल. एकेक नर आपापल्या खोप्याच्या तळाला उलटा लटकतो, पंख फडफडवतो आणि सगळे मिळून एक लांब, चिरकी शीळ घालतात. मादी एखाद्या टोपीत शिरते, आडव्या पट्टीवर बसून आतल्या विणीला चोच लावते आणि निघून दुसऱ्या खोप्याकडे जाते. एखादा खोपा तिला पटला तर जोडी जमते. त्यानंतरच नर एका बाजूचे तोंड बंद करून अंड्यांची खोली पूर्ण करतो आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी लांब नळी विणतो. संपूर्ण काम सुमारे अठरा दिवसांचे. मादी आत मऊ अस्तर घालते, अंडी उबवते आणि पिलांचे बहुतेक सगळे तीच पाहते. नर मात्र त्याच झाडावर किंवा शेजारी नव्या खोप्याचा देठ आवळायला लागलेला असतो, कारण एका हंगामात त्याच्या एकापेक्षा अधिक माद्या असू शकतात.

आपल्या माडांवर लोंबणाऱ्या टोप्या म्हणजे, बहुतांशी, कोणत्याच मादीने न स्वीकारलेले खोपे. कावळे खोपे ओरबाडतात हे खरे आहे, पण ओरबाडलेल्या खोप्याला खिंडार पडते आणि त्याचे तंतू बाहेर लोंबतात. टोपीची कड मात्र नीट गुंफलेली असते. तेवढे पाहून आपल्याला दोन्हींतला फरक ओळखता येईल. नाकारलेला खोपा काही काळ तसाच राहतो, किंवा नर स्वतःच तो उसवतो, किंवा शेजारचे नर त्यातल्या पट्ट्या उपसून नेतात. शेजाऱ्याची पट्टी चोरणे या पक्ष्यांत नेहमीचेच आहे.

ही सारी रीत नीट उलगडून दाखवली ती डॉ. सालिम अली यांनी. चोडणच्या खारफुटीतल्या अभयारण्यामुळे हे नाव गोव्यात घरोघरी माहीत आहे. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे त्यांनी सुगरणींच्या एका वसाहतीवर दिवसेंदिवस लक्ष ठेवले आणि १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. नर अर्धा खोपा बांधून मादीची वाट पाहतो, आणि एकीने घर मांडले की दुसरीसाठी पुन्हा बांधू लागतो, हा उलगडा तेव्हा नवा होता. त्यांच्याजवळ त्या वेळी साधने फार नव्हती. एकाच झाडाकडे न कंटाळता पाहण्याची तयारी होती. दिवाडीच्या बांधावर बसूनही हे काम करता येते, एवढे मला आवर्जून सांगायचे आहे.

मादी नेमके काय पारखते, हा त्यापुढचा प्रश्न. सुहेल क्वादर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोप्याच्या विणीपेक्षा त्याची जागा मादीला अधिक महत्त्वाची वाटते असे आढळले. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: पाण्यावर किंवा उंचावर, बारीक टोकाला लोंबणाऱ्या खोप्यापर्यंत साप आणि सरडे सहजी पोहोचत नाहीत. बरेचदा वसाहतीतले खोपे झाडाच्या पूर्वेकडच्या अंगाला अधिक असतात, कारण आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो आणि झाडाच्या आडोशाने वारा अडतो. आपल्या माडांवर पूर्ण झालेले खोपे कोणत्या बाजूला आणि कोणत्या झावळीला आहेत, आणि नाकारलेले कोठे आहेत, हे एका कागदावर आखून ठेवले तर पुढच्या वर्षी ताडून पाहता येईल. अशी नोंद पाठवल्यास सदरात तिला नक्की जागा देऊ.

प्रश्न: डिचोलीतील प्राथमिक शाळेत मी शिकवते. वर्गाबाहेरच्या झाडावर खोपे पाहून मुलांनी विचारले, "बाई, हात नसताना चिमणी गाठ कशी मारते?" आणि हे तिला कोण शिकवते? मला नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर: मुलांना प्रथम झाडाकडे नव्हे, तर शेताकडे पाहायला सांगावे. खरे कसब तेथून सुरू होते. नर भाताच्या किंवा राठ गवताच्या उभ्या पातीवर येऊन बसतो आणि पातीच्या कडेला, बुंध्याकडच्या अंगाला, चोचीने एक बारीकशी खाच पाडतो. ती कापलेली कड चोचीत घट्ट धरून तो सरळ उडतो. गवताच्या पानातल्या शिरा एकमेकींना समांतर धावतात, त्यामुळे पान वेडेवाकडे न फाटता त्याची एक लांब, एकसारख्या रुंदीची पट्टी सुटून येते आणि उरलेली पात जागेवर डोलत राहते. ही पट्टी वीस ते साठ सेंटीमीटर भरते. माडाच्या पातीवरही तो हाच प्रयोग करतो: हिराच्या एका बाजूने खाच पाडून खेचत नेतो. मुलांनी एकदा स्वतः भाताची पात घेऊन नखाने खाच पाडून पट्टी ओढून पाहावी. किती वेळा ती मधेच तुटते, ते पाहिल्यावर पक्ष्याच्या कामाची किंमत त्यांना न सांगता कळेल.

खोप्यावर परतल्यावर तो पट्टीचे एक टोक पायाखाली फांदीला दाबून धरतो. दुसरे टोक चोचीने फांदीभोवती फिरवून आधीच्या वेढ्याखालून खुपसतो, चोच सोडतो, मान वळवून पलीकडून तेच टोक पकडतो आणि ओढून आवळतो. खुपसणे, सोडणे, पलीकडून पकडणे, ओढणे, एवढ्या चारच हालचाली. त्या पुन्हा पुन्हा, दिशा बदलत केल्या की वेढे होतात, अडकवण्या होतात आणि आपण जिला गाठ म्हणतो तशी पकडही होते. पट्टी ताजी, हिरवी असावी लागते, कारण ओली असताना ती वाकते आणि वाळली की विणीत आवळून बसते. सुकलेले गवत वाकवू गेले तर मोडते. पहिल्या पावसानंतर गवत आणि भात हिरवे झाल्याशिवाय सुगरणीचे बांधकाम सुरू होत नाही, त्यामागचे एक कारण हेही आहे. एका खोप्यासाठी नर पाचशेपर्यंत खेपा करतो असे नोंदलेले आहे.

आता शिकण्याविषयी. आफ्रिकेतल्या सुगरणीच्या एका भाऊबंद जातीवर निकोलस आणि एल्सी कोलियास या दांपत्याने १९६० च्या दशकात बारकाईने प्रयोग केले. विणकामाचे साहित्य न देता वाढवलेल्या कोवळ्या नरांना पुढे पट्ट्या दिल्या, तेव्हा त्यांना त्या धड फाडताही येईनात आणि गुंफताही येईनात. सरावाने मात्र हात बसत गेला. ओढ जन्मजात, पण सफाई सरावाची, असे त्यातून दिसते. त्याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी मला या साऱ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. विणताना नर बहुतेक वेळ कड्यात एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभा राहतो आणि त्याची मान जेथवर पोहोचते तेथवर विणत जातो. म्हणजे खोलीची गोलाई त्याच्या स्वतःच्या देहाच्या मापाने येते. वेगळा आराखडा त्याला लागत नाही. मुलांना हे दाखवायचे असेल तर त्यांनी एका जागी बसून, न सरकता, हात पोहोचेल तेथपर्यंत खडूने जमिनीवर रेघ ओढावी. कमान आपोआप उमटेल.

प्रश्न: साखळीकडे आमचे जुने लोक सांगत, की सुगरण खोप्यात ओल्या मातीचा गोळा लावते आणि त्यात काजवा खोचून रात्री उजेड करते. आम्ही उतरलेल्या खोप्यात माती खरोखरच पाहिली आहे. मग काजव्याचेही खरे असेल का?

उत्तर: मातीचे खरे आहे, काजव्याचे नाही. ही कथा गोव्यापुरती नसून भारतात अनेक ठिकाणी सांगितली जाते, आणि ती कशी जन्मली असेल हे समजणे अवघड नाही: खोपे बांधले जाण्याच्या सुमारासच पहिल्या पावसात काजवे चमकतात, आणि खोप्यात मातीचा गोळा तर सापडतोच. नर टोपीच्या अवस्थेतच आतल्या भिंतीला चिखल आणि कधी शेणही थापतो. वाऱ्यात हलका खोपा फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावे, असे स्पष्टीकरण साधारणपणे दिले जाते. सुगरण दिवसा वावरणारी आहे. अंधार पडला की मादी आत स्वस्थ बसून राहते आणि तिला उजेडाचे काही काम नसते. कथा नातवंडांना जरूर सांगावी, आणि सांगून झाल्यावर मातीचा गोळाही दाखवावा.

प्रश्न: कुडतरीला माझी भाताची शेती आहे. पीक पिकायला आले की सुगरणींचे थवे उतरतात आणि कणसे रिती करतात. शेजारी म्हणतात, पावसातच खोपे पाडून टाक, म्हणजे उपद्रव होणार नाही. हे योग्य आहे का?

उत्तर: आपले नुकसान खरे आहे, आणि ते किरकोळ आहे असे सांगून मी त्याची बोळवण करणार नाही. सुगरण दाणे खाणारा पक्षी आहे आणि पिकलेले भात तिला आवडते. तरीही खोपे पाडण्याचा सल्ला चुकीचा आहे, आणि तो केवळ दयेपोटी चुकीचा आहे असे नाही.

खोप्यात पिले असतात त्या काळात मादी त्यांना दाण्यांवर नव्हे, तर मुख्यतः किड्यांवर वाढवते. नाकतोडे, अळ्या आणि असेच मऊ कीटक ती जवळच्या शेतातूनच वेचते. म्हणजे ज्या आठवड्यांत आपण खोपे पाडाल, त्याच आठवड्यांत ती आपल्या शेतातले किडे टिपत असते. पीक पिकते तोवर विणीचा हंगाम बहुतांशी उरकलेला असतो आणि पक्षी थवे करून लांबवर फिरू लागतात. त्या वेळी आपल्या शेतात उतरणारा थवा आपल्याच माडावरचा असेल असे मुळीच नाही. खोपे पाडून तो थांबत नाही. दाणा भरू लागल्यापासून कापणीपर्यंतच्या थोड्या दिवसांत शेतावर चमकणाऱ्या फिती ताणणे, त्यांची जागा दर दोन-तीन दिवसांनी बदलणे आणि पहाटे व संध्याकाळी, म्हणजे थवे उतरण्याच्या वेळी, माणसाची राखण ठेवणे हेच उपाय उपयोगी पडतात. जागा न बदललेल्या फितीला पक्षी लवकर सरावतात. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून पाळी लावली तर राखणीचा भारही वाटला जातो. पातींच्या पट्ट्या काढल्याने होणारी हानी मात्र वसाहतीला अगदी लागून असलेल्या ओळींपुरतीच राहते.

कायद्याचेही सांगणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ यातल्या शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणेही येते. खोपे पाडण्याचा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांना हे आपण अवश्य कळवावे.

प्रश्न: फोंड्याला आमच्या परसातल्या माडावर यंदा प्रथमच सुगरणी आल्या. पाडेली नारळ पाडायला येणार आहे. त्याला केव्हा चढू द्यावे? आणि हंगाम संपल्यावर एक खोपा काढून घरात शोभेला टांगला तर चालेल का?

उत्तर: शोभेच्या खोप्याविषयी आधी. पिले उडून गेलेला खोपा रिकामा दिसला तरी तो रिकामाच असेल असे नाही. मुनियांसारखे छोटे पक्षी तयार खोप्यांचा आसरा घेतात, झाडावर राहणारे उंदीरही त्यात मुक्काम करतात, आणि कधीकधी पुढच्या वर्षी नर जुन्या खोप्याच्याच देठाखाली नवा खोपा लोंबवतो, त्यामुळे एकाखाली एक असे दोन-दोन मजले झालेले दिसतात. झाडावरून खोपा तोडू नये. वाऱ्याने गळून अंगणात पडलेला मिळाला तर तो आधी चांगला उन्हात ठेवून, आत कोणी नाही याची खात्री करून घ्यावी. जत्रेत आणि रस्त्याच्या कडेला विकायला ठेवलेले खोपे विकत घेऊ नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागणी असेल तर ते अंड्यांसकटही उतरवले जातात.

आता पाडेलीचे. मादीने दोन ते चार पांढरी अंडी घातल्यावर ती उबवायला चौदा ते सतरा दिवस लागतात, आणि बाहेर आलेली पिले आणखी साधारण सतरा दिवस खोप्यात राहतात. म्हणजे नळी पूर्ण झालेली दिसल्यापासून पिले उडेपर्यंत पाच आठवडे धरून चालावे. अडचण अशी, की एकाच माडावरचे सगळे खोपे एका वेळी सुरू होत नाहीत. एकात पिले चोची वासत असतात तेव्हा शेजारी नवी टोपी विणली जात असते. म्हणून तारखेवर विसंबण्यापेक्षा माडाकडे पाहावे. मादी चोचीत अळी किंवा नाकतोडा घेऊन नळीतून वर शिरताना दिसते, तोवर आत पिले आहेत. अशा ये-जा करणाऱ्या माद्या दिसेनाशा झाल्या आणि खोप्यांच्या तळाशी पंख फडफडवणारे पिवळे नरही थंडावले, की वसाहत उठली असे समजावे. गोव्यात हे बहुधा पावसाच्या शेवटाला होते.

तोवर नारळ अजिबात पाडायचेच नाहीत असेही नाही. खोपे झावळांच्या टोकांना असतात, आणि नारळांचे घड झावळांच्या बुडाशी. पाडेलीला चढण्यापूर्वी खालून खोप्यांच्या झावळा दाखवाव्यात, त्या बाजूची झावळ कापू नये आणि त्या बाजूचा घड त्या खेपेला राहू द्यावा, असे स्पष्ट सांगावे. सकाळच्या पहिल्या प्रहरात मादीची ये-जा सर्वांत जास्त असते, म्हणून चढणे दुपारकडे ठेवावे आणि लवकर उरकावे. ज्या घडाखाली माणसांची वर्दळ आहे आणि जो नारळ आपोआप पडून इजा होण्याची भीती आहे, तेवढा मात्र न थांबता उतरवून घ्यावा.